वाट आणि मान : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका रुग्णालयातून संध्याकाळी मला बोलावणे आले. अतिदक्षता विभागातून तळमजल्यावरच्या लॅबला फोन लावला की आवाज तुटतो, अर्धे शब्द गळून पडतात, अशी तक्रार होती. परिचारिका निरोप द्यायला जिने उतरून येत होत्या. फोनसंच बदलून झाले होते, वायर बदलून झाली होती, इंटरनेटचा प्लॅनही दुप्पट करून झाला होता. इमारतीतल्या इमारतीत चालणाऱ्या फोनचा त्या प्लॅनशी काही संबंध नव्हता, पण नेटवर्क बिघडले की आपल्याकडे पहिला संशय प्लॅनवरच जातो. रॅक उघडला आणि कारण सापडले. आदल्या आठवड्यात वरच्या मजल्यांवर बावीस नवे कॅमेरे बसले होते. एका कॅमेऱ्याचे सेकंदाला चार मेगाबिट धरले तरी अठ्ठ्याऐंशी होतात, आणि वरून खाली येणाऱ्या एकुलत्या एक वायरीची जोडणी होती शंभर मेगाबिटची. त्याच वायरीतून फोन, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रेच्या प्रतिमा आणि बिले ये-जा करत होती. एखादा एक्स-रे निघाला की वायर तुंबायची आणि बोलणाऱ्याचा आवाज त्या गर्दीत मागे पडायचा.

त्या रॅकमधला स्विच चांगला होता, मॅनेज्ड होता. वाहतूक वेगळी करण्याची आणि एकीला दुसरीच्या आधी सोडण्याची सगळी सोय त्यात होती. विकत घेतल्या दिवसापासून ती कुणी उघडून पाहिली नव्हती. दीड तासाच्या कामानंतर आवाज स्वच्छ झाला. नवे सामान काहीच लागले नाही. माझ्याबरोबर आलेला डिप्लोमाचा विद्यार्थी प्रत्येक पायरी वहीत मराठीत लिहून घेत होता. पुढे प्रत्येक कामाची चार पाने त्या वहीला जोडली गेली, वहीच्या तीन वह्या झाल्या, आणि त्यांतून हे पुस्तक उभे राहिले.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला आधी स्विच म्हणजे काय ते सांगायला हवे. सोलापूरकराला त्यासाठी सात रस्ता चौकापर्यंत नेले तरी पुरते. एका रस्त्याने आलेले वाहन चौकातून नेमक्या दुसऱ्या रस्त्याला लागले पाहिजे. स्विच हेच काम सेकंदाला लाखो वेळा करतो. एका पोर्टवर माहितीचा तुकडा येतो, त्याला फ्रेम म्हणतात. स्विच त्यावरचा पत्ता वाचतो आणि त्याला योग्य त्या पोर्टातून बाहेर सोडतो. कोणते यंत्र कोणत्या पोर्टावर आहे हे तो येणाऱ्या फ्रेम पाहून स्वतःच शिकतो. पत्ता ओळखीचा नसेल, किंवा निरोप सगळ्यांसाठीच असेल, तर तो आलेले पोर्ट सोडून बाकी सर्व पोर्टांतून पाठवतो. या दुसऱ्या प्रकाराला ब्रॉडकास्ट म्हणतात. आपल्याकडे त्याला दवंडी हा जुना शब्द आहे. वीस घरांच्या वाडीत दवंडी सोयीची असते. पाचशे यंत्रांच्या इमारतीत प्रत्येकाची दवंडी प्रत्येकाच्या कानावर पडू लागली की सगळ्यांचाच वेळ जातो, आणि ऐकू नये त्यानेही ती ऐकलेली असते.

अनमॅनेज्ड स्विच एवढेच करतो. मॅनेज्ड स्विचला आपण सांगू शकतो, आणि सांगण्यासारखे प्रश्न मुळात दोन आहेत. कोण कुणाला दिसावा? आणि गर्दी झाली की आधी कोण जाणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे व्हीलॅन, वाहतुकीची वेगळी वाट. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस, ज्याला धंद्यात सगळे क्यूओएस म्हणतात. मी त्याला मान म्हणतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज ठरलेल्या मानाने निघतात. आषाढी वारीत दिंड्यांना रथापुढचे आणि रथामागचे क्रमांक असतात. क्रम आधी ठरलेला असतो म्हणून एवढ्या गर्दीत रस्त्यावर वाद होत नाही, आणि रुग्णवाहिका आली की तीच गर्दी दुभंगून तिला वाट देते, कारण तिचा मान सगळ्यांच्या वरचा आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. नेटवर्कला हे ठाऊक नसते. ते कुणीतरी बसून लिहून द्यावे लागते.

या दोन प्रश्नांची गल्लत मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिच्यावर इथे थोडे थांबतो. ‘व्हीलॅन केले की नेट फास्ट होते’ हे वाक्य मला दर महिन्याला ऐकायला मिळते. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या आवारात गाळप हंगामात जाऊन पाहा. बैलगाड्यांची रांग वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी, ट्रकची वेगळी. कुणी कुणाच्या आवारात शिरत नाही. हे विभाजन झाले. पण वजनकाटा एकच असेल तर तिन्ही रांगा शेवटी त्याच काट्यावर येतात, आणि काट्यावर कुणाला कधी बोलवायचे हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. आवार वेगळे केल्याने काटा मोठा होत नाही. त्या रुग्णालयात मी फोनना व्हीलॅन २० आणि कॅमेऱ्यांना व्हीलॅन ३० देऊन घरी गेलो असतो तरी आवाज तुटतच राहिला असता, कारण दोन्ही व्हीलॅन त्याच शंभर मेगाबिटच्या वायरीवरून उतरत होते. उलट, नुसते प्राधान्य देऊन थांबलो असतो तर आवाज सुधारला असता, पण स्वागतकक्षातल्या पाहुण्याच्या लॅपटॉपला लॅबचा सर्व्हर दिसतच राहिला असता.

या दोन गोष्टी वेगळ्या असूनही एकाच पुस्तकात का, याचे उत्तर इतिहासात आहे.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट उभे केले, तेव्हा स्विच नव्हताच. एक जाड केबल, सगळी यंत्रे तिलाच जोडलेली. ज्याला बोलायचे त्याने आधी कानोसा घ्यायचा, दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. १९८३ मध्ये यातून ८०२.३ हे मानक तयार झाले. नेटवर्क वाढले तसे केबलचे तुकडे जोडणारे ब्रिज आले, आणि ब्रिज आले तसा लूपचा धोका आला: दवंडी एका दारातून निघून दुसऱ्या दारातून परत येते, पुन्हा निघते, आणि काही क्षणांत सगळे नेटवर्क तिच्यातच बुडते. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्रीची रीत शोधली, ती या ना त्या रूपात आजही जवळजवळ प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये आहे. टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये एकाच वायरीची दोन्ही टोके कुणीतरी ‘मोकळी दिसली म्हणून’ खोचतो आणि अख्खे ऑफिस बंद पडते, तेव्हा पर्लमनबाईंचे ऋण कळते.

१९९० मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने इथरस्विच बाजारात आणला. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि कंपनीचे नाव भारद्वाज यांच्या पत्नीचे. त्या पहिल्या स्विचला पोर्ट होते सात. सोलापूरकर म्हणून हा आकडा मला विसरता येत नाही. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, बेलकोअर या संशोधन संस्थेत डेव्हिड सिंकोस्की एकाच भौतिक जाळ्यावर अनेक वेगळी जाळी कशी चालवता येतील याचा विचार करत होते. व्हीलॅनची कल्पना तिथली. नव्वदच्या दशकात प्रत्येक कंपनीने ती आपापल्या पद्धतीने केली, त्यामुळे एकाचा स्विच दुसऱ्याशी बोलेना.

मग १९९८ साल आले. ८०२.१क्यू या मानकाने ठरवले की फ्रेमच्या पोटात चार बाइटांची चिठ्ठी घालायची. पहिले दोन बाइट फक्त ‘ही चिठ्ठी आहे’ एवढे सांगतात. उरलेल्या सोळा बिटांपैकी बारा बिट व्हीलॅनचा क्रमांक, म्हणून वापरता येणारे क्रमांक ४०९४. तीन बिट प्राधान्य, म्हणून शून्य ते सात अशा आठ पायऱ्या. आणि एक बिट, जो आज गरज पडली तर ही फ्रेम आधी टाकून द्यायला हरकत नाही असे सांगतो. वाट आणि मान दोन्ही त्याच चार बाइटांत शेजारी बसले आहेत. एक शिकायचे आणि दुसरे सोडायचे, हे या विषयात जमत नाही ते याच कारणाने.

सोलापूरच्या पूर्व भागातले विद्यार्थी ही चिठ्ठी माझ्या समजावण्याआधी समजतात. त्यांच्या घरात माग आहे. एकाच बीमवर शेकडो धागे गुंडाळलेले असतात, पण फणीतून प्रत्येक धागा आपल्याच घरातून निघतो, आणि एक धागा चुकीच्या घरात गेला तर ती चूक पूर्ण चादरभर दिसते. दोन स्विचना जोडणारी, अनेक व्हीलॅन एकत्र वाहणारी वायर म्हणजे तो बीम. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी एक धागा चुकीच्या घरात गेल्याच्या असतात.

त्याच १९९८ च्या डिसेंबरात इंटरनेटची मानके ठरवणाऱ्यांकडून आरएफसी २४७४ हे मानक आले. त्याने फ्रेमच्या आत असलेल्या आयपी पॅकेटच्या माथ्यावर सहा बिटांचे चिन्ह ठरवले, त्याला डीएससीपी म्हणतात. चौसष्ट किमती शक्य आहेत. आवाजासाठी रुळलेली किंमत ४६. चार बाइटांची चिठ्ठी साध्या यंत्राच्या पोर्टावर किंवा राउटरवर काढून घेतली जाते. डीएससीपी, वाटेत कुणी पुसले नाही तर, पॅकेटबरोबर शेवटपर्यंत जाते. कुठल्या चिन्हावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या पोर्टावर ते पुसून टाकायचे हा व्यवहारातला कळीचा निर्णय असतो. फोनच्या पोर्टावरचे चिन्ह मानावे. पाहुण्याच्या लॅपटॉपने स्वतःवर ४६ लावून घेतले असेल तर ते मानू नये.

चिन्ह लावणे सोपे, पण चिन्ह पाहून करायचे काय, हा गणिताचा भाग. पोर्टाच्या मागे रांगा असतात, आणि कुठल्या रांगेतून पुढचे पॅकेट उचलायचे याचा नियम हवा. वरची रांग रिकामी झाल्याशिवाय खालच्या रांगेला हात लावायचा नाही, ही कडक रीत. आवाजाला ती लागते, पण वरच्या रांगेत जड माल गेला तर खालचे उपाशी मरतात. १९८९ मध्ये अ‍ॅलन डेमर्स, एस. केशव आणि स्कॉट शेंकर यांनी न्याय्य वाटपाची रीत मांडली. ती चोख होती, पण वेगवान यंत्रात बसवायला जड. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी ‘डेफिसिट राउंड रॉबिन’ सुचवली: प्रत्येक रांगेला दर फेरीत ठरावीक शिधा, न वापरलेला पुढच्या फेरीत जमा. हे इतके साधे आहे की स्विचच्या चिपमध्ये सहज बसते. वर्गीस पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. आपण खरेदी करतो त्या स्विचच्या आतल्या कल्पनांत आपल्या माणसांचा एवढा वाटा आहे, आणि आपल्या भाषेत त्यावर वाचायला जवळजवळ काही नाही, ही गोष्ट मला टोचत आली आहे.

महाराष्ट्रात नेटवर्क तसे उशिरा आले नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट प्रकल्पात मुंबईची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी जोडली गेली. डायल-अपवरून त्यांची ई-मेल चालू झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले. सोलापुरात वालचंद तंत्रशास्त्र संस्था १९८३ पासून अभियंते घडवते आहे, आणि २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. अभ्यासक्रमात व्हीलॅन आहे, परीक्षेत प्रश्नही येतो. पण रॅकसमोर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा तो अभ्यासक्रम शिकलेला अभियंता नसतो. तो कॅमेरे बसवणारा असतो, कारखान्याचा इलेक्ट्रिशियन असतो, बँकेच्या ईडीपी विभागात बदली होऊन आलेला कारकून असतो. हे पुस्तक त्याच्यासाठी आहे.

या क्षेत्रात मतांचे गट आहेत, आणि नवख्याला ते माहीत असलेले बरे. सर्वांत जुना वाद क्षमतेचा. एक गट म्हणतो, रस्ता रुंद करा, रांगांचा विचारच नको; वायरीचा वेग मागणीपेक्षा इतका वाढवा की गर्दी होणारच नाही. दुसरा म्हणतो, प्रत्येक संभाषणासाठी वाटेत आधी जागा राखून ठेवा. नव्वदच्या दशकात ही राखीव जागेची विचारसरणी जोरात होती. एटीएम नावाचे तंत्र (पैसे देणाऱ्या यंत्राशी नावापुरते साम्य) प्रत्येक गोष्ट ५३ बाइटांच्या पेशींत कापून पाठवायचे. त्यातले ४८ बाइट मालाचे, आणि तो आकडा कुणाला ३२ हवे होते, कुणाला ६४, म्हणून मध्येच ठरला. इंटरनेटवाल्यांनीही आरक्षणाची स्वतःची योजना आणली. प्रत्येक संभाषणाला जागा राखण्याची ही रीत मोठ्या जाळ्यांत फार रुळली नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक यंत्राने प्रत्येक संभाषण लक्षात ठेवणे परवडेना. तिसरा गट चिन्हांचा: कुणाचे नाव लक्षात ठेवू नका, फक्त मान पाहा. आज इमारतींच्या नेटवर्कमध्ये तोच जिंकलेला आहे.

रुंद रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मला अर्धे पटते. जिथे शंभर मेगाबिटची वायर आहे तिथे आधी ती बदलून गिगाबिट करा. जुनी वायर सांभाळत क्यूओएसच्या कसरती करू नका. पण रस्ता रुंद केला की रांगा उरत नाहीत हे खरे नाही. चोवीस पोर्टांचा माल एका पोर्टातून बाहेर पडायचा असेल तर क्षणभराची गर्दी कितीही वेगात होतेच. आणि आवाजाला क्षणही पुरतो. हिशेब करून पाहू. एका फोनसंभाषणाला, नेहमीच्या जी.७११ पद्धतीत, एका दिशेने सेकंदाला पन्नास पॅकेट लागतात, मिळून सुमारे ८७ किलोबिट. म्हणजे एका कॅमेऱ्याच्या चार मेगाबिटमध्ये पंचेचाळीस फोन बसतात. फोनला पहिला मान दिल्याने कॅमेऱ्याचे जवळजवळ काहीच जात नाही. आता उलट बाजू पाहा: शंभर मेगाबिटच्या पोर्टामागे एक मेगाबाइटची रांग भरलेली असेल तर ती उपसायला ८० मिलिसेकंद लागतात. बोलणे नैसर्गिक वाटायचे तर तोंडापासून कानापर्यंत दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोहोचावे, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. निम्म्याहून जास्त वेळ एकाच वळणावर गेला. मान लहान पावलांनी चालणाऱ्याला द्यावा, जड माल वाहणाऱ्याला नाही, हे या पुस्तकाचे मत आहे, आणि मी ते सगळीकडे लावून धरले आहे.

अनुभवाने मला आणखी एक कळले. बैठकीत ‘कोणती वाहतूक महत्त्वाची’ असे विचारले की प्रत्येक विभाग आपले नाव सांगतो. हिशेब विभागाला बिले, सुरक्षा विभागाला कॅमेरे, साहेबांना व्हिडिओ कॉल. सगळ्यांनाच सातवी पायरी दिली तर ती कुणालाच न दिल्यासारखी. म्हणून प्रश्न बदलावा लागतो: तुमचे काम दोन सेकंद थांबले तर काय होईल? बिल दोन सेकंदांनी छापले तर कुणाला कळतही नाही. फोन दोन सेकंद थांबला तर ‘अ‍ॅड्रिनलिन’ हा शब्दच गळतो. या प्रश्नाने बैठका लवकर संपतात.

विभाजनाचेही असेच गट आहेत. जुने लोक मजल्यानुसार व्हीलॅन करत, कारण वायरी मजल्यानुसार असत. मग विभागानुसार करण्याची पद्धत आली. मला कामानुसार आणि विश्वासानुसार केलेले विभाजन पटते: फोन एकीकडे, कॅमेरे एकीकडे, यंत्रे एकीकडे, पाहुणे सगळ्यांपासून लांब, आणि स्विचची स्वतःची व्यवस्था जिथून चालते ती खोली बंद. त्याच्याही पुढचा विचार २०१० पासून ‘झिरो ट्रस्ट’ या नावाने आहे: आतला म्हणून कुणावरही विश्वास नको. मोठ्या डेटा सेंटरना ४०९४ क्रमांकही कमी पडले, म्हणून व्हीएक्सलॅन आले, ज्यात दीड कोटीहून अधिक क्रमांक बसतात. कारखान्यातल्या यंत्रांसाठी ठरलेल्या क्षणी ठरलेली फ्रेम पोहोचवणारी मानके तयार झाली आहेत. यांच्यावर या पुस्तकात मोजकेच आहे. ज्याच्याकडे तीन स्विच आहेत त्याला दीड कोटी क्रमांकांचे काम नाही.

एक भांडण मात्र रोजच्या कामात अडवते, आणि ते शब्दाचे आहे. सिस्कोच्या स्विचवर ‘ट्रंक’ म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारे पोर्ट. एचपीच्या अनेक स्विचवर ‘ट्रंक’ म्हणजे दोन-चार वायरी एकत्र बांधून केलेली जाड वायर. एका कंपनीचे शिकलेला मुलगा दुसऱ्या कंपनीच्या स्विचसमोर जातो, तोच शब्द पाहून तेच बटण दाबतो आणि नेटवर्क पाडून येतो. तिसरीकडे, स्वस्त स्मार्ट स्विचवर टॅग्ड, अनटॅग्ड आणि पीव्हीआयडी अशी वेगळी भाषा. पोर्टाला अनटॅग्ड सदस्य केले पण पीव्हीआयडी बदलायला विसरले, तर जाणारा माल बरोबर जातो आणि येणारा चुकीच्या वाटेला लागतो. या एका चुकीने मी लोकांचे दोन-दोन दिवस गेलेले पाहिले आहेत. म्हणून इथे प्रत्येक उदाहरण तिन्ही बोलींत दिले आहे.

हे सगळे आत्ताच का लिहायचे? जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा आपल्या न्हावाशेव्याला मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आत शिरलेला तो प्रोग्राम, एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात, वाटेत फारशी दारे नसलेल्या जाळ्यातून चालत गेला. मर्स्कला दहा दिवसांत सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतचे काम अनेक दिवस हाताने करावे लागले. त्यावर सरकारने संसदेत दिलेल्या लेखी उत्तरात कारण सांगितले होते ते नेटवर्कचे विभाजन नीट नसल्याचे. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयाबद्दल हे लिहिले गेले. मग सोलापुरातल्या, पंढरपुरातल्या, बार्शीतल्या रुग्णालयांचे काय, हा प्रश्न मी वाचकासमोर ठेवतो. मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून रुग्ण सोलापूरला येतात. त्यांचे रिपोर्ट, स्कॅन आणि बिले याच रॅकमधून जातात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झाला. सहकारी बँका, कारखाने, महाविद्यालये सगळ्यांनाच आता कुणाची वाट कुठून जाते हे सांगता आले पाहिजे. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांतही मागांवरचे कंट्रोलर, कॅमेरे, हजेरीचे यंत्र आणि मालकाचा मोबाइल एकाच स्विचवर लटकलेले मी पाहतो. एखाद्या स्वस्त कॅमेऱ्याच्या पासवर्डातून मागापर्यंत जाता येईल, अशी ती मांडणी असते.

पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, ते आता थोडक्यात. दोन मॅनेज्ड स्विच, तीन जुने संगणक आणि एक आयपी फोन एवढ्या सामानावर सगळे प्रयोग बसवले आहेत. नव्या पेठेत वापरलेला माल चाळला तर हे जमते. सुरुवातीला कागद आहे, स्विच नंतर. ज्याने आपल्या इमारतीतले प्रत्येक पोर्ट कुठे जाते हे लिहून काढले नाही त्याने कॉन्फिगरेशनला हात लावू नये, हा आग्रह मी ठेवला आहे. त्यानंतर वाट, मग मान, याच क्रमाने. मान देण्याआधी गर्दी नेमकी कुठे होते ते मोजायला शिकवले आहे, कारण गर्दी नसलेल्या पोर्टावर प्राधान्याला काही काम नसते आणि आपण मात्र काहीतरी केल्याच्या समाधानात राहतो.

चुकांना मी बरीच जागा दिली आहे. दूरवरच्या स्विचचा व्यवस्थापनाचा व्हीलॅन बदलून स्वतःलाच बाहेर ठेवून घेणे, आणि त्यावर उपाय म्हणून काम सुरू करण्याआधीच दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट लावून ठेवणे. केलेले बदल सेव्ह न करणे: चालू कॉन्फिगरेशन आणि जपलेले कॉन्फिगरेशन वेगळे असते, महिनाभर सगळे सुरळीत चालते, मग उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, यूपीएस दम सोडतो, आणि स्विच जुन्याच अवतारात उठतो. प्राधान्याच्या पायऱ्यांत १ क्रमांकाची पायरी शून्याच्या खाली आहे, हे न कळल्याने महत्त्वाच्या कामाला सगळ्यात तळाला बसवणे. या गोष्टी इंग्रजी माहितीपुस्तिकांत असतात, पण पान ३१४ वर, एका ओळीत.

भाषेबद्दल. पोर्ट, स्विच, ट्रंक, टॅग हे शब्द तसेच ठेवले, कारण रॅकसमोर कुणी दुसरे शब्द वापरत नाही. रांग, वाट, मान, दवंडी, शिधा हे आपले शब्द जिथे अर्थ उजळतात तिथे घेतले. संस्कृतात नवे शब्द घडवण्याचा मोह टाळला. कमांड जशा टाइप करायच्या तशाच छापल्या आहेत, पण प्रत्येक ओळीखाली ती काय करते ते मराठी वाक्यात दिले आहे. आधी वाक्य समजून मग कमांड पाहावी, अशी माझी विनंती आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या रुग्णालयात मी मागच्या वर्षी गेलो होतो, वेगळ्या कामाने. वरची वायर आता गिगाबिटची झाली आहे, कॅमेरे वाढले आहेत. रॅकच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला पोर्टांचा कागद मात्र अजून तोच होता, कडा पिवळ्या पडलेला. माझ्या अक्षरातल्या ओळी अठराव्या पोर्टापर्यंत. त्याखाली दुसऱ्या कुणाच्या निळ्या शाईत पुढच्या ओळी होत्या: १९ – डायलिसिस, फोन, व्हीलॅन २०. २० – ब्लड बँक, फोन, व्हीलॅन २०. २१ – रिकामे, बंद केले आहे.